काचेबाहेरचा काटा

जबलपुरात टर्बोच्या गाडीचं पेट्रोलचं प्रेशर लावून घ्यायचं असेल तर लोक त्या काळी एकाच माणसाचं नाव सांगत, आणि तो माणूस पेट्रोलला घाबरत असे. गोहलपुरातले गजभिये काका. जपून वागत असं मला म्हणायचं नाही, सरळ घाबरत. पेट्रोलची नळी सोडायची वेळ आली की त्यांच्या वरच्या ओठावर घाम यायचा आणि बोलणं एकदम हळू व्हायचं. तीस वर्षं याच कामात घालवलेल्या माणसाला हे शोभतं का, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. मी शाळेत गणित शिकवते; माणसांना पहिल्या भेटीतच मार्क देऊन टाकायची मला खोड आहे. काकांना मी त्या दिवशी नापास केलं होतं.

गॅरेज म्हणजे एक लांबट शेड. तिच्या सिमेंटच्या जमिनीवर, दारापासून दहा-बारा पावलांवर, चार बोटं रुंद पांढरी रेघ आखलेली होती. दर रविवारी काका स्वतः उकिडवे बसून ती पुन्हा रंगवत. रेघेच्या पलीकडे गाडी, काका आणि वाळूच्या दोन बादल्या. अलीकडे बाकी सगळं जग. मोबाइल बिस्किटांच्या डब्यात टाकायचा आणि डबा दाराबाहेरच्या स्टुलावर. काकांच्या हातात घड्याळ नसे, बोटात अंगठी नसे, अंगात बारा महिने सुती शर्ट. नायलॉनच्या कपड्यातून ठिणगी उडते, असं ते सांगत. गिऱ्हाइकं त्यांना मागे 'डरपोक उस्ताद' म्हणत आणि गाडी मात्र त्यांच्याकडेच आणत.

एकदा एका ठेकेदाराचा मुलगा आला होता. हातात गाडीची चावी फिरवत तो दोनदा रेघ ओलांडून आत गेला. काकांनी बोनट बंद केलं, हात पुसले आणि चहा मागवला. चहा झाल्यावर दुसरा मागवला. मुलगा म्हणाला, काका, जल्दी है. काका म्हणाले, "काहून घाई करून राहिला भैया? घाई असन तर घरी जा." त्यानंतर तो पोरगा दीड तास रेघेच्या मागे शहाण्यासारखा उभा होता.

रेघेच्या अगदी कडेला, पण अलीकडे, एक लाकडी खुर्ची होती आणि तिच्यात सलीम भाई बसलेले असत. ते काकांचे भागीदार. त्यांच्या दोन्ही हातांची कातडी भाजून आक्रसलेली होती आणि बोटं अर्धी मिटलेली. पाना धरता येत नसे. त्यांच्याकडे कामं दोनच होती. एक, पेट्रोलचा वास घेणं. इंजिन सुरू करण्याआधी ते उठून बोनटपाशी जात, डोळे मिटून वास घेत आणि मान हलवत. त्यांची मान हलल्याशिवाय त्या शेडमध्ये कुणी इंजिनाची चावी फिरवत नसे. दुसरं काम फ्यूज सांभाळणं. नळी सोडायच्या आधी काका पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून सलीम भाईंच्या मुठीत देत, आणि काम संपेपर्यंत ती मूठ मिटलेली असे. मग प्रश्नोत्तरं होत. सलीम भाई खुर्चीतून विचारत, काका आतून उत्तर देत.

"फ्यूज?"

"निकाला."

"इंजन?"

"अपने आप बंद हुआ."

"सेल्फ?"

"दो बार मारा."

फ्यूज काढला तरी नळीत प्रेशर उरतं. म्हणून इंजिन चालू ठेवून ते पेट्रोलअभावी आपोआप बंद पडू द्यायचं, वर दोनदा सेल्फ मारायचा, तेव्हा कुठे नळी मोकळी होते. शेवटचं उत्तर मिळालं की सलीम भाई म्हणत, "खोल." मगच काका नळीवर जाड फडकं गुंडाळून पाना लावत. काम झाल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, पुन्हा विचारणं होई: फ्यूज लगाया, नळी सूखी. दिवसातून चार गाड्या असल्या तर चार वेळा हे सगळं होई. मला ते आधी देवळातल्या आरतीइतकंच पाठ केलेलं आणि निरर्थक वाटलं होतं.

आम्ही तिथे गेलो ते माझ्या धाकट्या भावामुळे. पंकजला नागपूरला नोकरी लागली होती आणि दर शनिवार-रविवारी तो गाडीने जबलपूरला, दीक्षितपुऱ्यातल्या घरी येई. गाडी त्याने कुणाकुणाकडून बदलून घेतली होती. मोठा टर्बो, मोठे इंजेक्टर, परदेशी पंप. माझ्या मते त्या गाडीत जुनं म्हणावं असं फक्त माझ्या भावाचं डोकं उरलं होतं. एका शनिवारी तो घरी आला, हसत हसत पाणी मागितलं, आणि पेला तसाच भरलेला ठेवून परत गाडीपाशी जाऊन उभा राहिला. रात्री खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. पुढच्या ट्रकला मागे टाकायला तो उजवीकडे गेला होता, समोरून दुसरा ट्रक येत होता, आणि बरोबर त्याच वेळी गाडीने दम टाकला. पाय खाली दाबलेला, इंजिन खडखडतंय आणि गाडी पुढे जात नाही. समोरच्या ट्रकवाल्याने चाकं रस्त्याखाली उतरवली म्हणून पंकज घरी आला होता.

आईला आम्ही काही सांगितलं नाही. पण आईला सांगावं लागत नाही. तिने जेवताना एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि भात वाढला. त्या दिवसापासून गाडी नागपूरला निघाली की ती परत येईपर्यंत आमच्या घरात कुणी नीट श्वास घेत नव्हतं. तो पोचल्याचा फोन करी आणि आई फोन ठेवून तशीच भिंतीला टेकून उभी राही.

काकांनी गाडीचं ऐकून घेतलं आणि पंकजला पहिला प्रश्न विचारला, ट्रक समोर आला तेव्हा तू घाबरलास का. पंकज म्हणाला, नहीं काका, डर नहीं लगा, बस गुस्सा आया. काकांनी सलीम भाईंकडे पाहिलं. मग पंकजच्या हातातून चावी घेतली आणि म्हणाले, "गाडी चांगली होईतवर ही माझ्याजवळ राहीन." बाकी गिऱ्हाइकांना ते चावी बोर्डावर टांगायला सांगत. ही त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली.

त्यांनी मला समजावलं ते मी नंतर वर्गात तसंच्या तसं सांगत आले आहे. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. पेट्रोलला त्या कोंबलेल्या हवेविरुद्ध आत शिरायचं असतं. "समोरून वारा आला तर पिचकारी जोरात मारा लागते ना बेटा? तेवढंच आहे." म्हणून हवेचं प्रेशर, गॅरेजात ते किलोत मोजतात, एक किलोने वाढलं की पेट्रोलचं प्रेशरही एक किलोने चढायला हवं. हे चढवायचं काम रेग्युलेटर नावाचा डबीएवढा भाग करतो, आणि हवा किती वाढली हे त्याला एक करंगळीपेक्षा बारीक रबरी नळी सांगते. पेट्रोल मागे राहिलं तर इंजिन खडखडतं, दम टाकतं आणि शेवटी पिस्टन वितळतो. तीन किलोवर सुरुवात करायची. मग हवेचा आकडा आणि पेट्रोलचा आकडा यांच्यात फरक सदैव तीनच आला पाहिजे. हा फरकाचा हिशेब ऐकल्यावर मी काकांना पासापुरते मार्क दिले.

गॅरेजमध्ये सगळं बरोबर येत होतं. बारीक नळी काढून त्यांनी तीन किलो लावलं. नळी परत जोडली, प्रेशरच्या घड्याळाचा काटा जेवढा उतरायला हवा तेवढा उतरला. इंजिन बंद करून काटा किती वेळ टिकतो हे पाहायला ते समोर बसून राहिले. काटा हलला नाही. पंपाला वीज पुरेशी मिळते का तेही पाहिलं, फिल्टर बदलला. तीन दिवस गेले. पंकजने रजा काढली होती, माझ्या शाळेला सुट्टी होती. पंकज रोज विचारी, हो गया काका? काका रोज म्हणत, नाही. काटा ठीक असताना नाही का म्हणता, असं मी विचारलं. ते म्हणाले, "पोट्टा मरता मरता वाचला ना? मंग काटा ठीक कसा?"

हे ऐकून मला पहिल्यांदा त्यांच्या भीतीची भीती वाटली. तोवर मी समजत होते की गाडीत बिघाड आहे आणि तो सापडेल. आता वाटलं, बिघाड आहे आणि तो लपून बसलाय. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी पंकजला काही कारण नसताना रागावले.

सलीम भाईंच्या हातांची गोष्ट मला सलीम भाईंनीच सांगितली, काका पाना आणायला बाहेर गेले होते तेव्हा. उन्हाळ्याची दुपार, गिऱ्हाईक घाईत. काकांनी फ्यूज काढला होता पण इंजिन आपोआप बंद पडू न देता चावीनेच बंद केलं होतं, कुणीतरी हाक मारली म्हणून दाराशी गेले आणि तिथूनच म्हणाले, "खोल." सलीम भाईंनी विश्वासाने पाना फिरवला. नळीत कोंडलेलं पेट्रोल फवाऱ्यासारखं तापलेल्या टर्बोवर गेलं. सलीम भाई सांगत होते ते शांतपणे, जणू शेजारच्या घरातलं. शेवटी म्हणाले, "ग़लती उसकी थी, हाथ मेरे थे. तब से मैं पूछता हूँ, वो बताता है." त्या दिवसानंतर ती प्रश्नोत्तरं मला आरतीसारखी वाटली नाहीत. दोन माणसं रोज चार वेळा त्या दुपारी परत जात होती आणि या वेळी ती दुपार नीट पार पाडून येत होती.

चौथ्या दिवशी काका म्हणाले, गाडी रस्त्यावरच दगा देते, तर रस्त्यावरच पाहावी लागेल. त्याची रीत अशी होती: पेट्रोलच्या प्रेशरचं घड्याळ लांब नळीला जोडायचं, ती नळी बोनटच्या फटीतून बाहेर काढायची आणि घड्याळ समोरच्या काचेवर, बाहेरच्या बाजूने, वायपरखाली कापडी पट्ट्यांनी बांधायचं. पेट्रोलची नळी गाडीच्या आत कधीही आणायची नाही. चालवणारा हवेचा आकडा बोलतो, शेजारचा काचेतून काटा पाहून पेट्रोलचा आकडा सांगतो. चालवणार काका. शेजारी बसायला पंकज पुढे झाला.

"तू नाही," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बेटा, तुले भेव वाटते ना?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायची ताकदच नव्हती.

"मंग तू ये. भेलेला माणूस काट्यावरून नजर काढत नाही."

बांधलेल्या नळीचा प्रत्येक जोड सलीम भाईंनी हुंगला. मला दार कसं उघडायचं, पट्टा कसा सोडायचा हे तीनदा करून दाखवायला लावलं. माझ्या पायांमध्ये आग विझवायचा सिलिंडर ठेवला. सकाळचे नऊ वाजले होते, सलीम भाई आणि पंकज रेघेच्या मागे उभे होते, आणि मला वाटलं की आईला निदान सांगून यायला हवं होतं.

तिलवाऱ्याचा पूल ओलांडून आम्ही नागपूर रस्त्याला लागलो. माझ्या नाकासमोर हातभर अंतरावर, एका काचेपलीकडे, तीन किलोने कोंडलेलं पेट्रोल होतं. ती नळी वाऱ्याने किंचित हलत होती आणि प्रत्येक हलण्याबरोबर मी पाठ सीटला आणखी रेटत होते. मोकळा रस्ता पाहून काकांनी पाय दाबला. ते म्हणाले, अर्धा. मी म्हटलं, साडेतीन. ते म्हणाले, एक. मी म्हटलं, चार. फरक तीन. मी सुटकेने त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले, काट्याकडे पाह्य.

मग त्यांनी मला समजणार नाही असं काहीतरी केलं. गाडी उन्हात रस्त्याकडेला लावली आणि इंजिन चालूच ठेवलं. अर्धा तास. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. पोट्टा नागपुरातून निघतो तेव्हा तीन तास गाडी तापते, ते म्हणाले. आपण थंडी गाडी पाहून राहिलो होतो. अर्ध्या तासाने परत निघालो. पुढे ट्रॅक्टरची एक रिकामी ट्रॉली लांबवर दिसत होती. काकांनी पाय दाबला.

"अर्धा."

"तीन."

"एक."

"तीनच. काका, तीनच आहे."

इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. समोरची ट्रॉली मोठी होत गेली. मी काट्यावरून नजर काढली नाही. काढता आली नाही. हेच पंकजने पाहिलं होतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि त्याच्या समोर तर ट्रॉली नव्हती, त्याच्याकडे येणारा ट्रक होता. काकांनी पाय उचलला होता, गाडी हळू होत होती, आणि तेव्हा तो काटा, सगळं संपल्यावर, सावकाश चढू लागला. मी म्हटलं, काका, आता चढतोय. सव्वातीन. साडेतीन.

काकांनी गाडी कडुनिंबाखाली थांबवली. मला वाटलं आता बोनट उघडतील. त्यांनी उघडलं नाही. तापलेल्या गाडीला हात लावायचा नाही म्हणून आम्ही झाडाखाली पाऊण तास बसून राहिलो. ते म्हणाले, "तू म्हटलं ना, आता चढून राहिला? उशिरा चढतो म्हणजे निरोप उशिरा पोचतो. बारीक नळी कुठंतरी दबली आहे." त्यांचा चेहरा बिघाड सापडलेल्या माणसाचा नव्हता.

गॅरेजमध्ये गाडी निवल्यावर, सलीम भाईंची मान हलल्यावर, काकांनी ती बारीक रबरी नळी दोन बोटांत धरली आणि टोकापासून चाचपत निघाले. इंजिनाच्या मागच्या अंगाला, अंधाऱ्या कोपऱ्यात, बोटं थांबली. तिथे काळपट असं काही गुंडाळलेलं होतं. रेघेवरून वाकून पाहताना मला ती चिकटपट्टी वाटली. काकांनी टॉर्च जवळ नेला. काजळी आणि तेलाखाली लाल रंग होता. पूजेचा दोरा होता तो. एक नाही, तीन दोरे एकावर एक, घट्ट, प्रत्येकाला दोन-दोन गाठी.

मला लगेच कळलं. गाडी घेतली तेव्हा आई तिला ग्वारीघाटला पूजेला घेऊन गेली होती. पंडितजी चाकांपाशी नारळ फोडत होते आणि आईने बोनटखाली हात घालून, हाताला लागली त्या नळीला, दोरा बांधला होता. ट्रकच्या शनिवारनंतर ती पंकजला घेऊन परत गेली. आणि त्यानंतर आणखी एकदा. नर्मदेच्या पाण्यात भिजवलेला दोरा, दर वेळी आधीपेक्षा आवळून. गाडी थंड असली की नळी तग धरून राही. तापून मऊ झाली की दोरा तिच्यात रुतत असे.

पंकज कटर घेऊन पुढे आला. काकांनी त्याला रेघेपाशीच थांबवलं आणि स्वतःचा हातही मागे घेतला. म्हणाले, आईला बोलाव.

आई येईतो काका खुर्चीशेजारी जमिनीवर बसून होते. मी जवळ गेले तेव्हा माझ्याकडे न पाहता बोलले. "मले पहिल्या दिवशीच दिसला होता. पूजेचा आहे म्हणून हात नाही लावला. एकदा एका ट्रकचं लिंबू-मिरची बाजूला सरकवलं होतं मी, काम करासाठी. त्या मालकानं चार माणसांत मले जे म्हटलं ते अजून कानात आहे. कोण तू, आमच्या देवाच्या वस्तूला हात लावणारा." मग म्हणाले, "तीन दिवस मी चुकीच्या गोष्टीले भेत होतो बेटा. आणि तुले घेऊन गेलो त्या रस्त्यावर." आमच्या घरात असं कुणी बोललं नसतं, असं मी म्हणणार होते, पण खात्रीने म्हणता येईना.

आई रिक्षातून उतरली ती पदर खोचतच. ती सरळ गाडीकडे निघाली तसे काका उठले. "बाई, मागं या. रेघेच्या मागं." ती थांबली. काकांनी हात जोडून, ग्राहकाला कधी सांगत नसत इतक्या हळू, नळी म्हणजे काय आणि दोरा कुठे आहे ते सांगितलं. आई ऐकत राहिली. पंकजचा ट्रक तिला त्या क्षणी, कुणी न सांगता, पूर्ण कळला.

"म्हणजे त्याचा गळा मीच आवळून राहिली होती," ती म्हणाली.

"तुम्ही भेल्या होत्या जी," काका म्हणाले. "मी पण."

प्रश्नोत्तरं झाली. फ्यूज सलीम भाईंच्या मुठीत गेला. मग काकांनी, मी त्या शेडमध्ये पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं, बोनट उघडं असताना एका बाहेरच्या माणसाला रेघ ओलांडू दिली. आईच्या बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या होत्या. नखांनी गाठी सुटेनात तेव्हा काकांनी तिच्या हातात पातं दिलं, मुठीची बाजू तिच्याकडे करून, आणि स्वतः टॉर्च धरला. तिसरा दोरा तुटला तेव्हा नळीवर खोल वळ राहिला होता. काकांनी कोरा कागद पुढे केला. आईने दोरे त्यात गुंडाळून नर्मदेत सोडायला पर्समध्ये ठेवले. नळी नवी, जाड घातली गेली. दुसऱ्या सकाळी मी पुन्हा काचेबाहेरच्या काट्यासमोर बसले, गाडी तासभर तापवली, आणि एकला चार म्हणताना मला रडू आलं. काकांनी पाय उचलला नाही. पुन्हा विचारलं. मी पुन्हा चार म्हटलं.

चावी परत देताना आई नवा दोरा घेऊन आली होती. तिने पंकजला नाही, काकांना विचारलं, कुठे बांधू. काकांनी गाडीभोवती फेरी मारली, खूप विचार केला आणि चालकाच्या सीटबेल्टच्या खुंटीला बोट लावलं. "इथं बांधा. याले रोज दिसन." पंकजने त्या दिवसापासून बेल्ट लावायला सुरुवात केली. दोऱ्याने केलं की काकांनी, हे मी ठरवलेलं नाही.

पुढे सलीम भाई गेले. खुर्ची तिथेच राहिली आणि काका प्रश्नही स्वतः विचारू लागले, उत्तरही स्वतः देऊ लागले. मग एकदा, ऐकलं ते असं, त्यांनी नळीला पाना लावला आणि इंजिन आपोआप बंद पडलं होतं की नाही हे त्यांना आठवेना. पाना तसाच काढून घेतला, गाडी ढकलत बाहेर नेली आणि त्या दिवसापासून गॅरेज बंद. त्यांच्या मुलीने जागा प्लायवूडच्या दुकानाला दिली.

शेवटचं पाहिलं ते मागच्या वर्षी. पंकज नागपुराहून आला होता, तीच गाडी घेऊन. आईने हट्ट धरला म्हणून आम्ही तिघं गोहलपुरला गेलो. दुकानाच्या दाराशी ती लाकडी खुर्ची होती आणि तिच्यात काका बसले होते. बारीक झाले होते, शर्ट सुतीच. त्यांनी आम्हा कुणाला ओळखलं नाही. पंकजने नाव सांगितलं, ट्रकची आठवण दिली, ते नम्रपणे मान हलवत राहिले. आईने नमस्कार केला, त्यांनी केला. मुलगी म्हणाली, आता घरच्यांनाही नाही ओळखत. आम्ही निघालो. पंकज गाडी आत, दुकानाच्या मोकळ्या जागेत वळवायला घेऊन गेला आणि तिथे इंजिन बंद पडलं.

काका उठले. चालत गाडीपर्यंत गेले आणि बोनटवर दोनदा बोट वाजवलं. पंकजने ते उघडलं. त्यांनी डोळे मिटून वास घेतला. मग वाकून ती बारीक नळी दोन बोटांत धरली आणि टोकापासून टोकापर्यंत चाचपली, सावकाश. वरच्या ओठावर घाम आला होता. सरळ उभे राहून त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहून विचारलं, "फ्यूज?"

मी म्हटलं, "लगाया, काका."

"नळी?"

"सूखी."

त्यांनी मान हलवली आणि पाठीमागे, दाराच्या दिशेने, सरकत आले. दुकानवाल्याने जमिनीवर चकचकीत फरशी घातली होती, पांढऱ्या रंगाचा मागमूस कुठे नव्हता. काका एका जागी थांबले, पाय जुळवले आणि आईकडे वळले. आई त्यांच्यापेक्षा दोन पावलं पुढे, गाडीच्या बाजूला उभी होती.

"बाई," ते म्हणाले, "मागं या."

आईने खाली फरशीकडे पाहिलं. मग पदर सावरून ती दोन पावलं मागे आली आणि त्यांच्या शेजारी, पायाला पाय लावून उभी राहिली. काकांनी तिचे पाय नीट मागे आहेत ना ते पाहिलं, माझे पाहिले, आणि पंकजला हाताने खूण केली, आता सुरू कर.